खटाव तालुक्यात घरावर आणि शेतावर सौरऊर्जा : फायदे-तोटे नेमके काय?

येरळाकाठ (खटाव तालुका)

सर्वांना नमस्कार. खटाव तालुक्यात येरळा नदीपासून जवळच आमचे घर आणि पाच एकर शेती आहे. घराला सिमेंटचा स्लॅब असून दक्षिण बाजू बरीचशी मोकळी आहे. घरगुती वीजवापर महिन्याला दीडशे ते पावणेदोनशे युनिट होतो आणि उन्हाळ्यात पंखे व फ्रिजमुळे तो सव्वादोनशेपर्यंत जातो. शेतातील विहिरीवर महावितरणच्या जोडणीचा ५ अश्वशक्तीचा पंप आहे. त्याचे बिल सध्या माफ आहे. मात्र शेतीची वीज पाळीपाळीने कधी दिवसा, कधी रात्री येते आणि रात्रीच्या पाळीला वडील दारे धरायला जातात, याची घरात सर्वांनाच काळजी वाटते.

अलीकडे सोलर बसवून देणाऱ्यांचे प्रतिनिधी गावात वरचेवर येऊ लागले आहेत. ते सरसकट प्रत्येकाला ३ किलोवॉटचा संच सुचवतात आणि बिल शून्यावर येईल असे सांगतात. गावात मात्र दोन मते आहेत. पावसाळ्यात त्याचा काही उपयोग होत नाही असे काहीजण म्हणतात, तर संच असूनही वीज गेली की घरात अंधारच होतो अशी काहींची तक्रार आहे. आमच्यासारख्या कुटुंबाने घरावर किती क्षमतेचा संच घ्यावा, शेतपंपही सौर करावा का, आणि वीस-पंचवीस वर्षांनी निकामी होणाऱ्या पॅनेलचे पुढे काय होते, याविषयी जाणकारांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

निवृत्त विद्युत अभियंता, कराड

नमस्कार. आपण वीजवापराचे आकडे दिलेत, त्यामुळे उत्तर नेमकेपणाने देता येते. आपल्या भागात १ किलोवॉटचा संच वर्षभराच्या सरासरीने दिवसाला साडेतीन ते चार युनिट वीज तयार करतो. म्हणजे २ किलोवॉटपासून वर्षाला सुमारे २,७०० युनिट आणि ३ किलोवॉटपासून ४,००० च्या आसपास युनिट मिळतात. आपला वर्षाचा वापर २,००० ते २,२०० युनिटच्या घरात दिसतो. तेव्हा २ किलोवॉट आपल्याला पुरून उरेल आणि ३ किलोवॉट घेतल्यास जवळजवळ निम्मी वीज आपल्या गरजेपेक्षा अधिक होईल.

प्रतिनिधी ३ किलोवॉटचा आग्रह का धरतात, हे समजून घ्यावे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॉटला प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्याला १८,००० रुपये अनुदान मिळते, म्हणजे ते जास्तीत जास्त ७८,००० रुपये होते. जाहिरातीत हाच आकडा ठळक छापलेला असतो. परंतु तिसऱ्या किलोवॉटसाठी आपल्या खिशातून जाणारी रक्कम त्या १८,००० पेक्षा बरीच अधिक असते आणि त्यातून तयार होणारी वीज आपण वापरणार नसाल, तर तिचा मोबदला फार थोडा मिळतो. घरात लवकरच एसी किंवा विजेवरची दुचाकी येणार असेल तरच तिसऱ्या किलोवॉटचा विचार करावा.

आता पावसाळ्याविषयी. ढगाळ दिवसांतही पॅनेल थोडीफार वीज देतात, परंतु जुलै-ऑगस्टच्या झडीत उत्पादन उन्हाळ्याच्या निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून खाली येऊ शकते. येथे नेट मीटरिंगचा उपयोग होतो. आपण ग्रीडला, म्हणजे महावितरणच्या वीजजाळ्याला, दिलेली जास्तीची युनिटे आपल्या खात्यात जमा होतात आणि पुढील महिन्यांच्या बिलातून वजा होतात. हा हिशेब आर्थिक वर्षाचा, म्हणजे एप्रिल ते मार्च असा असतो आणि आपल्या ऋतुमानाला तो सोयीचा पडतो, कारण एप्रिल-मे महिन्यांत साठलेली युनिटे नेमकी पावसाळ्यात कामी येतात. वर्षअखेरीस उरलेली युनिटे मात्र पुढच्या वर्षात जात नाहीत. महावितरण ती ठरलेल्या दराने विकत घेते आणि हा दर आपण मोजतो त्या दराहून कमी असतो. संच गरजेपुरताच घ्यावा असे म्हणण्याचे हेच मुख्य कारण आहे. शिवाय स्थिर आकार बिलात राहतोच, त्यामुळे "शून्य बिल" हा शब्दप्रयोग अक्षरशः घेऊ नये.

भर उन्हाळ्यात सर्वाधिक वीज मिळते, ही समजूतही अर्धीच खरी आहे. पॅनेलला प्रकाश हवा असतो, उष्णता नको असते. पॅनेलचे तापमान २५ अंशांच्या वर गेले की प्रत्येक अंशामागे साधारण ०.३ ते ०.४ टक्के क्षमता घटते. एप्रिल महिन्यात स्लॅबवरील पॅनेल दुपारी ६० ते ६५ अंशांपर्यंत तापते, म्हणजे भर दुपारी बारा-चौदा टक्के वीज तापमानामुळेच गमावली जाते. पॅनेलखालून वारा खेळता राहील इतकी उंची ठेवावी, असे मी आग्रहाने सांगतो ते यासाठीच.

वीज गेल्यावर होणाऱ्या अंधाराची तक्रार खरी आहे आणि विक्रेत्यांनी ती आधी सांगायला हवी. पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारा, ग्रीडला जोडलेला साधा इन्व्हर्टर वीज जाताच स्वतःहून बंद होतो. तो तसा झाला नाही, तर आपल्या छपरावरची वीज बंद समजल्या जाणाऱ्या तारांमध्ये उतरेल आणि खांबावर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवावर बेतेल. वीज नसतानाही दिवे-पंखे हवे असतील तर बॅटरीसह हायब्रीड इन्व्हर्टर घ्यावा लागतो आणि खर्च बराच वाढतो. आपल्याकडे नेहमीचा बॅटरी-इन्व्हर्टर असेल तर तो तसाच ठेवावा, तेवढ्याने आपले भागेल.

एक गोष्ट मात्र सर्वांनाच लागू आहे. घरगुती दर १००, ३०० आणि ५०० युनिट अशा टप्प्यांनी चढत जातात. ज्यांचा वापर मुळात शंभर युनिटच्या आत आहे त्यांची वीज स्वस्त असल्यामुळे गुंतवणूक वसूल व्हायला फार वर्षे लागतात. ज्यांचा वापर तीनशेच्या पुढे आहे त्यांना मात्र फायदा झपाट्याने मिळतो. आपण मधल्या टप्प्यात आहात. इन्व्हर्टर दहा-बारा वर्षांनी एकदा बदलावा लागेल, हे धरूनही २ किलोवॉटचा संच आपल्याला फायद्याचा ठरेल असे माझे मत आहे.

माणगंगा (आटपाडी तालुका)

अभियंतासाहेबांनी घराविषयी लिहिले, मी शेतपंपाविषयी लिहितो. आमची डाळिंबाची बाग आहे आणि तिला पाणी देणारा पंप सौर आहे. आमच्या रानापर्यंत खांब आणि तारा आल्याच नव्हत्या, त्यामुळे आमच्यासाठी निवड सौर की महावितरण अशी नव्हती. सौरपंप नसता तर डिझेल इंजिनच होते. त्या तुलनेत सौरपंपाने आमचे जगणे सुसह्य केले, हे मी मनापासून सांगतो. सकाळी नऊच्या सुमारास पाणी सुरू होते, दुपारी भरात येते आणि चारनंतर मंदावते. रात्री रानात जाण्याची गरज राहिलेली नाही. ज्यांच्याकडे रात्रीची पाळी असते त्यांना याचे मोल कळेल. कराड आणि शिराळा भागांत उसातून बिबट्या फिरत असल्यामुळे शेतकरी दिवसा विजेची मागणी करत आले आहेत, ती उगीच नाही.

परंतु मर्यादाही स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. सौरपंपाला बॅटरी नसते, त्यामुळे ऊन असेल तेव्हाच पाणी मिळते. ढग आला की धार लहान होते आणि ठिबकच्या शेवटच्या ओळींना दाब पुरत नाही. यावर आम्ही केलेला उपाय असा की दिवसभर जे मिळेल ते पाणी उंचावरच्या शेततळ्यात सोडतो आणि बागेला तेथून उताराने देतो. शेतकऱ्यासाठी पाण्याचा साठा हाच विजेचा सर्वांत स्वस्त साठा आहे. शेततळे किंवा मोठी टाकी नसेल, तर सौरपंपाचा निम्मा फायदा वाया जातो असे माझे मत झाले आहे.

दुसरी अडचण खोलीची. सौरपंपाच्या सरकारी योजनेत ("मागेल त्याला सौर कृषी पंप") अडीच एकरांपर्यंत ३, पाच एकरांपर्यंत ५ आणि त्यापुढे ७.५ अश्वशक्तीचा पंप मिळतो. विहिरीला हे पुरेसे आहे. फार खोल गेलेल्या बोअरमधून मात्र हे पंप अपेक्षेइतके पाणी उचलू शकत नाहीत, आणि आमच्या आटपाडी-जत पट्ट्यात अशा बोअरची कमतरता नाही. तिसरी अडचण दुरुस्तीची. पाच वर्षांची हमी कागदावर असते; परंतु आमच्या पंपाचा कंट्रोलर ऐन हंगामात बिघडला तेव्हा पुरवठादाराचा माणूस यायला इतका उशीर झाला की शेजाऱ्याकडून पाणी घ्यावे लागले. पुरवठादार निवडण्याची मुभा मिळते तेव्हा किमतीपेक्षा त्याचा दुरुस्ती करणारा माणूस तालुक्यात राहतो का, हे पाहावे.

आता आपल्या प्रश्नाचे उत्तर. "मागेल त्याला सौर कृषी पंप" योजना ही ज्यांच्याकडे पारंपरिक जोडणी नाही अशांसाठी आहे. त्यात सर्वसाधारण शेतकऱ्याला किमतीच्या १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याला ५ टक्के भरावे लागतात. आपली जोडणी चालू आहे. २०२४ मध्ये जाहीर झालेल्या योजनेनुसार ७.५ अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना मार्च २०२९ पर्यंत वीज मोफत आहे, म्हणून पैशांच्या दृष्टीने आपल्याला सौरपंपातून मिळण्यासारखे काही नाही. आपली खरी अडचण रात्रीच्या पाळीची आहे आणि तिचा उपाय वेगळा आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारून संपूर्ण शेतीवाहिनीलाच दिवसा वीज दिली जाते. आपली वाहिनी त्यात आहे का आणि काम कोणत्या टप्प्यावर आहे, हे उपविभागीय कार्यालयात लेखी विचारावे. एकट्याने न विचारता त्या वाहिनीवरील सर्व शेतकऱ्यांनी मिळून विचारावे.

आणखी एक काळजी मनात आहे. विजेला खर्च नाही म्हटले की पंप बंद करण्याची सवय मोडते. आपल्या दुष्काळी पट्ट्यात खाली काळा पाषाण आहे. त्याच्या फटींत आणि वरच्या मुरमात जेवढे पाणी मुरते तेवढेच आपले असते. सूर्य रोज उगवतो म्हणून विहीर रोज भरत नाही. सौरपंप देताना ठिबक सक्तीचे केले पाहिजे, असे मला वाटते.

कृष्णाकाठची गृहिणी (वाळवा तालुका)

नमस्कार दादा. आमच्या गच्चीवर संच आहे आणि बिल खरोखरच पुष्कळ कमी झाले आहे, त्यामुळे मी त्याच्या बाजूनेच आहे. पण काही गोष्टी बसवणारे सांगत नाहीत, त्या सांगते.

आमचा सारा भाग उसाचा. तोडणीच्या हंगामात पाचट पेटवले जाते आणि कारखान्याची धुराडीही चालू असतात, त्यामुळे सकाळी गच्चीवर काळी काजळी पडलेली दिसते. ती पॅनेलवर बसली की मोबाइलवर दिसणारी रोजची युनिटे हळूहळू उतरू लागतात. पावसाळ्यात पॅनेल आपोआप धुतली जातात, मात्र नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत आठ-पंधरा दिवसांनी ती धुवावीच लागतात. धुण्यासाठी बोअरचे पाणी वापरले तर ते सुकल्यावर क्षाराचे पांढरे डाग काचेवर राहतात आणि पुढे ते निघत नाहीत. नळाचे किंवा साठवलेले पावसाचे पाणी आणि मऊ फडके वापरावे. धुण्याचे काम सकाळी लवकर करावे, तापलेल्या काचेवर एकदम गार पाणी ओतू नये.

गच्ची ही घरातल्या बायकांची कामाची जागा असते. कुरडया, सांडगे, हळद, धान्य सारे तेथेच वाळते. एका किलोवॉटला साधारण शंभर चौरस फूट जागा लागते. सांगाडा सात-आठ फूट उंच केला तर खालची जागा वावरायला मिळते, पण वाळवणाला ऊन मिळत नाही, आणि वळिवाच्या वाऱ्यात उंच सांगाड्यावर जोरही जास्त येतो. म्हणून जागा ठरवताना घरातील बायकांना आधी विचारावे. स्लॅबला भोके पाडून सांगाडा बसवणार असतील तर त्या जागी गळती होणार नाही याची लेखी हमी घ्यावी.

विज्ञान शिक्षिका, सांगली

निकामी पॅनेलविषयीचा आपला प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटला, कारण तो सहसा कोणी विचारत नाही. सिलिकॉनच्या नेहमीच्या पॅनेलचे सत्तर टक्क्यांहून अधिक वजन काचेचे असते. उरलेल्यात ॲल्युमिनियमची चौकट, प्लॅस्टिकचे थर, सिलिकॉन, तांबे आणि अगदी अल्प प्रमाणात चांदी असते. सांध्यांतील डाखात शिसे असते आणि पॅनेल फोडून उकिरड्यावर टाकली तर धोका मुख्यतः त्याचाच आहे. काच आणि ॲल्युमिनियम वेगळे काढणे सोपे आहे. चिकटलेले थर सोडवून सिलिकॉन आणि चांदी मिळवणे मात्र खर्चिक पडते. देशात १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत सौर पॅनेलचा समावेश केलेला आहे आणि या कचऱ्याच्या साठवणुकीची जबाबदारी उत्पादकांवर टाकलेली आहे. तालुक्याच्या गावी ही पॅनेल गोळा करणारी व्यवस्था अजून उभी राहिलेली नाही. तोपर्यंत फुटलेले पॅनेल भंगारवाल्याला न देता बसवणाऱ्यालाच परत घ्यायला लावावे आणि ही अट खरेदीच्या कागदावर लिहून घ्यावी.

म्हणून सौरऊर्जा प्रदूषण करते असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे ठरेल. आपल्याकडच्या उन्हात पॅनेल तयार करायला लागलेली ऊर्जा साधारण एक ते दोन वर्षांत भरून निघते आणि त्यानंतर वीसहून अधिक वर्षे ते स्वच्छ वीज देत राहते. कोळशापासून तयार केलेल्या विजेच्या एका युनिटमागे सुमारे एक किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो आणि राखेचे ढीग वेगळेच. ही तुलना करताना माझ्या मनात संदेह राहत नाही.

सौरऊर्जेची खरी मर्यादा वेळेची आहे. सर्व घरांत दिवे, टीव्ही आणि स्वयंपाकघरातील उपकरणे एकदम सुरू होतात ती संध्याकाळी, आणि नेमकी तेव्हा सौरवीज शून्य झालेली असते. नेट मीटरवर आपला हिशेब जुळतो, परंतु ती संध्याकाळची वीज प्रत्यक्षात कोणीतरी तयार करावीच लागते. याबाबतीत आपले जिल्हे भाग्यवान आहेत, असे मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगते. १,९६० मेगावॉटचा कोयना प्रकल्प काही मिनिटांत सुरू किंवा बंद करता येतो, म्हणून सायंकाळच्या मागणीला तो धावून येतो. पाटण तालुक्यातील वनकुसवडे आणि साताऱ्याजवळील चाळकेवाडी पठारांवरच्या पवनचक्क्या सर्वाधिक फिरतात त्या नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात, म्हणजे सौरवीज मंदावते तेव्हाच. ऊन, वारा आणि पाणी हे तिन्ही स्रोत एकमेकांच्या उणिवा भरून काढणारे आहेत. मात्र कोयनेचे पश्चिमेकडे वळवण्याचे पाणी कृष्णा पाणीतंटा लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसीपुरते (अब्ज घनफूट) मर्यादित केलेले आहे, त्यामुळे तिच्यावर कितीही भार टाकता येणार नाही. म्हणूनच रात्री वापरलेले पाणी दिवसाच्या सौरविजेने पुन्हा वर चढवणारे उदंचन प्रकल्प आणि बॅटरी यांची चर्चा आता होऊ लागली आहे.

पाटण तालुक्यातील मान्याचीवाडी हे गाव २०२४ मध्ये राज्यातील पहिले सौरग्राम म्हणून जाहीर झाले. शक्य झाल्यास कुटुंबासह एकदा तेथे जाऊन यावे. विक्रेत्याच्या माहितीपत्रकापेक्षा तेथील घरांतील माणसांशी झालेले बोलणे अधिक उपयोगी पडेल.

मेंढपाळाचा मुलगा (माण तालुका)

बाईंचे सर्व म्हणणे मान्य आहे, परंतु मोठ्या प्रकल्पांच्या जागेचा उल्लेख राहून गेला. एका मेगावॉटला चार-पाच एकर जागा लागते. शेतकऱ्याने जमीन भाड्याने दिली तर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये मिळतात आणि पडीक जमिनीला तो भाव नक्कीच चांगला आहे. सरकारी किंवा गायरान जमीन दिली जाते तेव्हा मात्र कुंपण पडते आणि आमची मेंढरे बाहेर राहतात. कागदावर जे माळरान पडीक असते, तेच पावसाळ्यानंतर आमच्या कळपांचे कुरण असते. प्रकल्प होऊ नयेत असे मी म्हणत नाही. पॅनेलखाली गवत वाढतेच, ते यंत्राने कापण्याऐवजी ठरावीक महिन्यांत मेंढरे आत सोडू द्यावीत आणि ग्रामसभेत जागेचा ठराव करताना मेंढपाळांनाही बोलवावे, एवढीच मागणी आहे.

येरळाकाठ (खटाव तालुका)

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले, त्याबद्दल मनःपूर्वक आभार. घरावर २ किलोवॉटचाच संच घ्यायचा आणि पंपाची आहे ती जोडणी तशीच ठेवायची, असे घरात ठरले आहे. दिवसा विजेसाठी वाहिनीवरील शेतकऱ्यांच्या सह्यांचा अर्ज तयार करत आहोत. अभियंतासाहेबांना एकच विचारायचे आहे. गच्चीच्या पश्चिमेला नारळाचे झाड आहे आणि दुपारी तीननंतर त्याची सावली एका कोपऱ्यावर येते. वडिलांच्या हातचे झाड असल्यामुळे ते तोडायचे नाही. यातून मार्ग काय?

निवृत्त विद्युत अभियंता, कराड

झाड तोडण्याची मुळीच गरज नाही. पॅनेल एकामागोमाग एक अशा माळेत जोडलेली असतात, त्यामुळे एका पॅनेलवर सावली पडली तरी संपूर्ण माळेचे उत्पादन घटू शकते. आपल्याला चारच पॅनेल लागतील. ती पूर्वेच्या बाजूला सरकवून बसवावीत. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे झुकतो आणि सावल्या लांब होतात, म्हणून जागा डिसेंबरमधील सावली पाहून ठरवावी, आताची पाहून नव्हे. पॅनेलचे तोंड दक्षिणेला आणि कल सतरा-अठरा अंशांचा असावा. तरीही एखाद्या पॅनेलवर सावली येणारच असेल तर प्रत्येक पॅनेलला स्वतंत्र मायक्रोइन्व्हर्टर लावता येतो. त्याचा खर्च थोडा अधिक आहे, परंतु मग एकाची सावली दुसऱ्याला बाधत नाही.

अर्थिंग आणि वीजरोधक यांत काटकसर होऊ देऊ नका, कारण आपल्याकडे वळिवात विजा फार पडतात. पैशांचा शेवटचा हप्ता नेट मीटर प्रत्यक्ष बसून चालू झाल्यावरच द्यावा. प्रत्येक पॅनेलच्या मागील क्रमांकाचा फोटो काढून तो बिलाबरोबर जपून ठेवावा. पंचवीस वर्षांच्या हमीचा दावा करताना तोच क्रमांक विचारला जातो.